केमोच्या आधी एग फ्रीझिंग: माझे ते दोन-तीन आठवडे

जून २०२३ मध्ये डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा मी २९ वर्षांची होते. मूळची कराडची, नोकरी पुण्यात, लग्न झालेलं नाही. मॅमोग्राफी, बायोप्सी, रिपोर्टची वाट बघणं हा पहिला भाग मी इथे पळवत नेते, त्याबद्दल पुष्कळ जणींनी चांगलं लिहिलंय. ११ जुलैला ऑपरेशन झालं. पूर्ण स्तन काढावा लागला नाही, गाठ आणि काखेतल्या काही ग्रंथी काढल्या. रिपोर्टमधून दोन गोष्टी कळल्या: एका ग्रंथीत कॅन्सर पोचला होता, आणि ट्यूमर हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा, होता. म्हणजे केमो, रेडिएशन आणि त्यानंतर बरीच वर्षं गोळी, असं सगळंच वाट्याला आलं.

मला लिहायचंय ते ऑपरेशन आणि पहिली केमो यांच्या मधल्या दिवसांबद्दल. त्या दिवसांत मी स्त्रीबीजं गोठवून घेतली. तेव्हा मराठीत शोधलं तर जाहिराती सापडत होत्या, नाहीतर चमत्काराच्या गोष्टी. कुठला कागद लागतो, किती पैसे जातात, आईला काय सांगायचं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

२७ जुलैला ऑन्कोलॉजिस्टची, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांची, ओपीडी होती. डॉक्टरांनी केमोचं वेळापत्रक कागदावर काढून दिलं: आधी दर तीन आठवड्यांनी लाल रंगाचं औषध आणि त्याच्यासोबत सायक्लोफॉस्फमाइड, असे चार डोस, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, १२ वेळा. केस जातील, उलट्या होतील, पांढऱ्या पेशी कमी होतील. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली, आत बोलायला मिळणार जेमतेम दहा मिनिटं. मी वहीत लिहून नेलेला प्रश्न विचारला: पुढे मूल होण्यावर याचा परिणाम होईल का?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. होऊ शकतो, म्हणाले. बाईच्या अंडाशयात जेवढी बीजं असायची तेवढी जन्मापासूनच असतात, नवीन तयार होत नाहीत. सायक्लोफॉस्फमाइड त्या साठ्याला थेट धक्का देतं. माझ्या वयात केमोनंतर पाळी परत येण्याची शक्यता चांगली असते, पण पाळी आली म्हणजे साठा शाबूत आहे असं नाही. शिवाय हार्मोन पॉझिटिव्ह असल्यामुळे नंतर निदान पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेन या हार्मोनला अडवणारी गोळी, आणि त्या काळात गरोदर राहायचं नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. केमोनं होणारं नुकसान एक, आणि गोळीच्या वर्षांत वाढत जाणारं वय दुसरं. दोन्हीची बेरीज करून बघायला हवी. मी विचारलं नसतं तर विषय निघाला असता का, कुणास ठाऊक. फाइलवर ‘अविवाहित’ लिहिलेलं असलं की मुलाबाळांचा प्रश्न आपोआप मागे सरकतो, असा माझा अंदाज आहे. म्हणून सांगते, केमोची तारीख ठरते त्याच दिवशी आपणच विचारायचं. एक आठवडा उशीर झाला तरी सगळं अवघड होऊन बसतं.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची जखम भरायला तसेही काही आठवडे देतो, एवढ्यात तुमचं काम बसतं, पण सुरुवात आजच करा. त्यांनी आयव्हीएफ सेंटरसाठी (टेस्ट ट्यूब बेबीचं केंद्र) पत्र दिलं. पत्रात निदान, हार्मोन रिपोर्ट, केमोच्या औषधांची नावं, पहिल्या केमोची अपेक्षित तारीख आणि ‘बीजं वाढवण्याची इंजेक्शनं द्यायला हरकत नाही’ हे वाक्य असू द्या. ते वाक्य नसेल तर सेंटरवाले परत पाठवतात.

२८ तारखेला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी मोहरमची सुट्टी, त्यामुळे त्याच दिवशी सेंटर गाठलं. सगळीकडे जोडपी बसलेली. फॉर्मवर ‘पतीचे नाव’ असा रकाना. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "मिस्टर येणारेत का?" मी म्हटलं, "मिस्टर नाहीयेत, कॅन्सर आहे." त्या बिचाऱ्या उठून उभ्याच राहिल्या आणि मला नंबर सोडून आत नेलं. विनोद बाजूला ठेवू, पण कॅन्सर पेशंट असल्याचं फोनवरच सांगा. बहुतेक ठिकाणी थांबवून ठेवत नाहीत.

कायद्याचं थोडं. २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) २१ वर्षांवरच्या बाईला ही सेवा घेता येते, लग्नाची अट नाही. वरची मर्यादा ५० वर्षं. क्लिनिक या कायद्याखाली नोंदणी केलेलं असावं लागतं, आणि प्रमाणपत्र भिंतीवर असतं. ते वाचा, संकोच करू नका. समुपदेशक मॅडमनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, जी मला आवडली नाही पण कळलेली बरी: सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवण्याचा, कायदा वेगळा आहे, आणि कधीच लग्न न झालेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. एकट्या बायकांपैकी फक्त ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटितांना ती मुभा आहे.

मग सोनोग्राफी. ज्या मुलींचं लग्न झालेलं नाही त्यांनी हे आधीच वाचून जावं. पोटावरून सोनोग्राफी होते, पण योनीमार्गातून केली तर अंडाशय जास्त स्पष्ट दिसतं, आणि शेवटी बीजं काढायची सुईही बहुतेक वेळा तिथूनच जाते. डॉक्टर मॅडमनी हे आईला बाहेर बसवून मला एकटीला विचारलं, सगळं समजावलं, मी हो म्हटल्यावरच केलं. तुम्हाला कुणी असं विचारलं नाही, तर थांबवा आणि विचारायला लावा. एएमएच नावाची, बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणीही झाली, १,८०० रुपये. रिपोर्ट ठीक आला.

त्या रात्री मला झोप नव्हती, ती वेगळ्याच कारणानं. या इंजेक्शनांनी शरीरात इस्ट्रोजेन वाढतं. माझा कॅन्सर इस्ट्रोजेनवरच पोसलेला. मग मी हे काय करून घेतेय? सकाळी उठून सेंटरच्या डॉक्टर मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं, इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. हे स्तनाच्या कॅन्सरचंच औषध आहे, ते इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाही. त्यामुळे बीजं वाढतात, पण रक्तातलं इस्ट्रोजेन एरवीच्या आयव्हीएफसारखं भडकत नाही. मी ऑन्कोलॉजिस्टनाही विचारून खात्री केली. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, आणि माझा जीव भांड्यात पडला. तुमच्या दोन डॉक्टरांना एकमेकांचे नंबर तुम्हीच द्या. ते आपणहून बोलतील याची वाट बघत बसू नका.

दुसरी शंका आत्यानं काढली: "आत्ताच एवढी काढून घेतली तर पुढं काय उरणार?" तसं होत नाही. दर महिन्याला बरीच बीजं वाढायला लागतात, एक पुढे जातं, बाकीची विरून जातात. इंजेक्शनं या विरणाऱ्यांनाच वाढवतात.

आईचं म्हणणं वेगळंच. अधिक श्रावण चालू होता, १६ ऑगस्टपर्यंत. अधिकात नवीन काही सुरू करू नये म्हणे. पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गाठीनं पंचांग बघितलं होतं का?" विषय संपला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे करायचे, तर जावई नाही म्हणून आईनं ते मलाच करून आणले, स्वारगेटपर्यंत एसटीच्या अर्ध्या तिकिटात. ‘आधी जीव वाचव, पोरंबाळं नंतर’ असं मात्र बऱ्याच जणांनी सुनावलं. मी दर वेळी एकच सांगायची: केमोची तारीख एका दिवसानंही पुढे गेलेली नाही.

आता कागद. आधार, पॅन, फोटो, ऑन्कोलॉजिस्टचं पत्र, बायोप्सी रिपोर्टच्या झेरॉक्स. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची) या तपासण्या. ऑपरेशनच्या वेळच्या ताज्या होत्या म्हणून त्याच चालल्या. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हीही एकदाच केली; भूल देणाऱ्यांना ती हवी होती आणि केमोवाल्यांनाही, कारण ते लाल औषध हृदयाला त्रास देऊ शकतं. दोन्ही ठिकाणी काय काय लागणार त्याची यादी शेजारी-शेजारी ठेवली तर दोनदा पैसे जात नाहीत. डाव्या काखेचं ऑपरेशन झाल्यामुळे रक्त फक्त उजव्या हातातून काढू द्यायचं, हे प्रत्येक सिस्टरला नव्यानं सांगावं लागतं.

संमतीपत्रं बरीच होती. त्यात एक रकाना असा की, तुमचा मृत्यू झाला किंवा तुम्ही निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलात, तर बीजांचं काय करायचं? कायद्यानंच हे आधी लेखी घ्यावं लागतं. नष्ट करा, किंवा संशोधनाला द्या. तोवर मी सगळं परीक्षेच्या अर्जासारखं भराभर भरत होते. तिथे आले आणि हात थांबला. कॅन्सर कळल्यापासून माझ्यासमोर ‘मृत्यू’ हा शब्द कुणी छापील स्वरूपात ठेवलेला नव्हता. आईला म्हटलं, मला चहा हवाय, आणि ती गेल्यावर ‘संशोधन’वर खूण केली. हे फॉर्म आदल्या दिवशी घरी मागून घ्या. क्लिनिकच्या टेबलावर, पेन हातात देऊन कुणीतरी उभं असताना हा निर्णय घेण्यात अर्थ नाही.

खर्च सांगते, २०२३ चा, पुण्यातला, माझा. इंजेक्शनं ६८,००० च्या आसपास. बीजं काढणं, भूल, गोठवणं आणि पहिल्या वर्षाची साठवण मिळून ८५,०००. वरच्या तपासण्या वेगळ्या. आरोग्य विमा कंपनीनं नकार दिला. पॉलिसीच्या शेवटी वगळलेल्या गोष्टींची यादी असते, त्यात १७ क्रमांकावर वंध्यत्व. माझं उत्तर असं की मी वंध्य नाहीये, उपचारानं होऊ नये म्हणून हे करतेय. त्यांच्या ईमेलला यावर काही म्हणायचं नव्हतं. कॅन्सरच्या उपचाराचे पैसे मात्र मिळाले, म्हणून दोन्हीची बिलं वेगळी ठेवा, एकात एक मिसळली की सगळाच क्लेम अडकतो. पैशांची सोय पीएफमधून झाली. ऑनलाइन फॉर्म ३१, कारण ‘आजारपण’, कॅन्सर त्यात बसला. यूएएनला (पीएफचा कायमचा क्रमांक) आधार आणि बँक खातं जोडलेलं असेल तर काम लवकर होतं. माझं होतं. दादाचं नव्हतं, तो अजून पीएफ ऑफिसच्या चकरा मारतोय, पण ती वेगळी कथा.

३१ जुलैला इंजेक्शनं सुरू झाली. पाळीच्या दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते असं मला वाटत होतं. कॅन्सरच्या पेशंटला तेवढा वेळ नसतो, म्हणून चक्रात कुठेही असाल तिथून सुरू करतात. पेनसारखं इंजेक्शन, पोटावर, रोज ठरलेल्या वेळी. पहिलं सिस्टरनं दिलं, पुढची मी स्वतः. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची, फ्रीझरला चिकटून नाही. फ्लॅटमेटला सांगून ठेवलं होतं की दह्याच्या मागचा डबा हलवायचा नाही. काही दिवसांनी दुसरं एक इंजेक्शन वाढलं, बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून. एक दिवसाआड सोनोग्राफी आणि रक्त. ऑफिस सुरूच होतं. सकाळी साडेसातला सोनोग्राफी करून दहाला मी लॉगिन करायची. रविवारी सोनोग्राफी होते का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

त्रास किती? पोट फुगलं, जीन्स बसेना, चिडचिड झाली. ऑपरेशनच्या मानानं काहीच नाही. शेवटचं, बीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन मिनिटाला मिनिट पाळायचं असतं, कारण त्यानंतर साधारण ३५ तासांनी बीजं काढतात. माझं ९ ऑगस्टला रात्री साडेनऊला होतं. मोबाइलवर दोन गजर लावले, शिवाय पप्पांचा कराडहून फोन.

११ ऑगस्टला सकाळी बीजं काढली. उपाशीपोटी गेले, थोड्या वेळाची भूल, जाग आली तेव्हा काम झालेलं होतं. पाळीच्या वेळी दुखतं तसं दुखत होतं. अकरा बीजं निघाली, त्यातली नऊ पक्व. नऊच गोठवली, उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये. मी हिशेब करायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "एका बीजामागे एक मूल असं गणित मांडू नकोस." काही वितळवताना टिकत नाहीत, काहींचं फलन होत नाही, काही गर्भ रुजत नाहीत. नऊ हा आकडा बरा आहे, हमी नाही. त्यांच्या या सरळ बोलण्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. लेट्रोझोल आणखी काही दिवस चालू ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी गोसेरेलिनचं पहिलं इंजेक्शन, पोटावर, सुई चांगली जाड. आधी बर्फ लावायला सांगा. हे अंडाशयाला झोपवून ठेवतं, म्हणजे केमोचा मार कमी बसतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोएम्स’ या अभ्यासात त्याचा फायदा दिसला होता, पण त्यातल्या बायका हार्मोन निगेटिव्ह होत्या. माझ्यासारख्यांना ते कॅन्सरच्या उपचाराचा भाग म्हणूनही देतात. दर महिन्याला साधारण आठ हजार. काही ठिकाणी ‘गोठवायची गरज नाही, हे एक इंजेक्शन पुरे’ असं सांगतात. माझ्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं होतं, की हे जोडीला आहे, बदल्यात नाही.

२१ ऑगस्टला पहिली केमो, आणि नेमकी नागपंचमी. आई म्हणाली, आज चिरायचं-भाजायचं नसतं, टोचायचं काही सांगितलेलं नाही, जा. केमोबद्दल जास्त लिहीत नाही. फक्त पॅक्लिटॅक्सेलच्या आठवड्यांत बर्फाचे हातमोजे आणि मोजे घालून बसायचे, त्यानं बोटांतल्या मुंग्या आणि नखांचं नुकसान कमी होऊ शकतं. आमच्या डे-केअरमध्ये ते नव्हते. मी जेल पॅक घरून कूलबॉक्समध्ये न्यायची, आत सुती मोजे घालून. नखं काळपट झाली, पण गळली नाहीत.

शेजारच्या खुर्चीवर हाडाच्या कॅन्सरचा एक मुलगा असायचा, तेवीस वर्षांचा. त्याच्या मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून आयफॉस्फमाइड या केमोच्या औषधाबरोबर मेस्ना द्यायचे, ते सिस्टर नीट सांभाळत. शुक्राणू गोठवायचं मात्र कुणी सुचवलं नव्हतं, आणि तोवर दोन डोस होऊन गेले होते. पुरुषांचं काम एक-दोन दिवसांत होतं, खर्च आमच्या तुलनेत किरकोळ, इंजेक्शनं नाहीत. तरी राहून जातं. घरात बोलायची लाज, दुसरं काय. तुमच्या घरात कुणी तरुण मुलगा आजारी असेल तर त्याच्या वडिलांनी नाही, मामानं किंवा मोठ्या भावानं विषय काढावा, असं मला वाटतं. वडिलांसमोर मुलगा मान हलवतो आणि जात नाही.

मार्च २०२४ मध्ये रेडिएशन झालं, १५ वेळा. कॅन्सर डावीकडे, हृदयही डावीकडे. म्हणून श्वास भरून धरायला शिकवलं. छातीत हवा भरली की हृदय छातीच्या भिंतीपासून जरा लांब जातं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. मशीन तुमचा श्वास बघत असतं. श्वास सुटला की किरण थांबतात. वीसेक सेकंद धरता आला पाहिजे. मी आधीचे दोन आठवडे घरी घड्याळ लावून सराव केला. डावीकडचं रेडिएशन असेल तर ही सोय आहे का, हे प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनच्या आधी विचारा. स्कॅनच तसा काढावा लागतो, मागाहून जमत नाही.

आता टॅमॉक्सिफेन आणि महिन्याचं गोसेरेलिनचं इंजेक्शन चालू आहे, त्यामुळे पाळी नाही. अंडाशयात किती शिल्लक आहे ते आत्ता कळणारही नाही. गोळी मध्येच थांबवून मूल होऊ देता येतं का? २०२३ मध्ये ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. ५१६ बायकांनी दीड ते अडीच वर्षं हार्मोनचे उपचार घेऊन मग जास्तीत जास्त दोन वर्षं ते थांबवले. पहिल्या तीन वर्षांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण न थांबवणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं नाही. तीन वर्षं म्हणजे फार काळ नव्हे, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

साठवणीची फी वर्षाला १५,०००, ऑगस्टमध्ये. सेंटरकडून आठवण येईल यावर विसंबू नका, पत्ता किंवा नंबर बदलला तर लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढे फलन करून गर्भ गोठवला, तर कायद्यानं तो दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतो.

आणि हो, स्थळं येतात. आई अर्ध्या वाक्यात विषय बदलते, मी पूर्ण सांगते: कॅन्सर, गोळी, नऊ बीजं. बहुतेकांचा नंतर फोन येत नाही. गेल्या महिन्यात एकानं मात्र विचारलं, बीजं दुसऱ्या शहरातल्या सेंटरला हलवता येतात का, कारण तो बंगळुरूला असतो. येतात, म्हटलं. माझी लेखी संमती, दोन्ही सेंटरची कागदपत्रं आणि नायट्रोजनचा छोटा टँक लागतो. खर्च किती, ते विचारून सांगते असं म्हटलंय.